नव्या गावी शेती व घर करण्यापूर्वी करावयाची पाहणी



अंबरनाथ व बदलापूर या दोन शहरांच्या मध्ये चिखलोली हे गाव आहे. येथील भाताच्या खाचरांना आता शहराने चोहोबाजूंनी वेढले आहे. एका अंगास कारखाने, दुसऱ्या अंगास इमारती आणि मधून रेल्वेचा मार्ग, अशी आजची स्थिती आहे. येथे नवे रेल्वे स्थानक व्हावयाचे ठरल्यापासून तर जमिनीचा भाव एकराने न बोलता गुंठ्याने, आणि गुंठ्यानेही न बोलता चौरस फुटाने बोलला जाऊ लागला. अशा वेळी कित्येक शेतकरी कुटुंबे येथील जमीन विकून, अथवा संपादनाचा मोबदला घेऊन, मुरबाड, शहापूर किंवा कर्जतकडे चार-पाच एकर जमीन घ्यावी आणि तेथेच घर बांधून राहावे असा विचार करतात. नोकरीतून निवृत्त होणारी मंडळीही याच वाटेने निघालेली दिसतात.

हा विचार चुकीचा नाही. परंतु आयुष्यभराची किंवा पिढीजात मिळकत एकाच व्यवहारात गुंतवावयाची असल्यामुळे तो नीट पारखून घेतला पाहिजे. बैल घेताना आपण त्याचे दात पाहतो, त्याला चालवून पाहतो, औताला जुंपून पाहतो. जमीन मात्र पुष्कळदा एकाच फेरीत, तीही दिवाळीनंतरच्या प्रसन्न दिवसांत, पाहून घेतली जाते. नव्या मुलखाची पाहणी कशी करावी याचा क्रमवार विचार प्रस्तुत लेखात केला आहे. गावपातळीवर काम करणाऱ्या सेवकांकडे अशी कुटुंबे सल्ल्यासाठी येतात. त्यांनाही याचा उपयोग व्हावा.

पूर्वीचा अनुभव काय सांगतो?

शेतीसाठी मुलूख बदलणे महाराष्ट्रास नवीन नाही. सासवडकडील माळी समाजातील शेतकरी कालव्यांच्या भागात गेले, तेथे त्यांनी उसाची शेती उभी केली आणि १९३२ साली माळीनगर येथे सासवड माळी साखर कारखान्याची स्थापना झाली. बागाईत पिकाचे ज्ञान त्यांच्यापाशी आधीच होते. आपल्याला अवगत असलेली शेती जेथे साधेल असाच मुलूख त्यांनी निवडला, ही गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे.

याची दुसरी बाजूही आहे. नीरा डावा कालवा १८८५ साली सुरू झाला आणि त्यामुळे पाण्याची ददात मिटली. परंतु ज्या जमिनींतून पाण्याचा निचरा होत नव्हता त्या काही वर्षांत खारवट होऊ लागल्या. डॉ. हॅरोल्ड मॅन व व्ही. ए. ताम्हाणे यांनी नीरा खोऱ्यातील या खारवट जमिनींचा अभ्यास १९१० साली प्रसिद्ध केला. पाणी येते कोठून एवढेच पाहून भागत नाही, ते जाते कोठे हेही पाहावे लागते, हा धडा त्यातून मिळतो. तो ठाणे जिल्ह्यासही लागू आहे. येथे प्रश्न खाराचा नसून, पावसाळ्यात साचणाऱ्या आणि उन्हाळ्यात आटणाऱ्या पाण्याचा आहे.

पाहणीचा काळ

या भागात वर्षाचा बहुतेक सर्व पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. पावसाचे मान सामान्यतः २,५०० मि.मी.च्या आसपास आहे, आणि डोंगराच्या कुशीत ते त्याहूनही अधिक असते. इतका पाऊस पडूनही वैशाखात याच मुलखातील कित्येक पाड्यांवर बाया-बापड्या हंड्यांची रांग लावतात. म्हणून एकच गाव जुलैत एक आणि मे महिन्यात दुसरेच असते. जमीन विकणारा मनुष्य ती प्रायः कार्तिक-मार्गशीर्षात दाखवतो. त्या वेळी ओढा खळखळत असतो, गवत हिरवे असते व रस्ता वाळलेला असतो. यात लबाडी असतेच असे नाही, पण पाहणाऱ्याची दृष्टी फसते.

म्हणून पुढील तीन फेऱ्या केल्याखेरीज इसार देऊ नये.

(१) आषाढ-श्रावणातील फेरी. सलग तीन-चार दिवस पाऊस लागला असता जावे. रस्ता कोठे बुडतो, साकवावरून पाणी जाते काय, खाचरातील पाणी किती वेळात उतरते आणि घराच्या नियोजित जागेवर पाझर फुटतो काय, हे पाहावे.

(२) कार्तिकातील फेरी. भाताची कापणी व झोडणी चालू असते. पिकाचा उतारा, मजुरीचे दर आणि पेंढा व गवत यांचे भाव त्या वेळी प्रत्यक्ष कळतात.

(३) वैशाखातील फेरी. विहिरीचा तळ, बोअरवेलचे पाणी, गुरांचा चारा आणि वणव्याच्या खुणा या दिवसांत दिसतात. ही फेरी सर्वांत कष्टाची असली तरी सर्वांत उपयोगी आहे.

विकणारा घाई करू लागला तर निदान पहिली व तिसरी फेरी तरी टाळू नये. वर्षभर थांबल्याने एखादी जमीन हातची जाईल, परंतु चुकीची जमीन गळ्यात पडल्यास ती पुढच्या पिढीलाही निस्तरावी लागते.

जमिनीची परीक्षा

आपला बहुतेक प्रदेश काळ्या पाषाणाचा आहे. दरीतील खाचरांत खोल, चिकण मातीची जमीन आढळते, तर चढावर मुरमाड, उथळ वरकस जमीन असते. सातबाऱ्यावर दोन्ही एकाच गटात असू शकतात, म्हणून ‘पाच एकर’ या शब्दावर भुलू नये. त्यांपैकी भाताची किती, वरकस किती आणि पोटखराबा किती, हे वेगवेगळे विचारावे. उताऱ्यावर क्षेत्र हेक्टर व आर यांत असते आणि बोलणी मात्र एकर-गुंठ्यांत होतात. १ हेक्टर म्हणजे १०० आर, अर्थात सुमारे २.४७ एकर, आणि ४० गुंठ्यांचा १ एकर होतो. हिशेब तेथेच मांडून पाहावा.

शेतात निरनिराळ्या तीन-चार ठिकाणी तीन फूट खोल खड्डे घ्यावेत. वरचा थर किती आहे, मुरूम किती खोलीवर लागतो आणि खाली सलग कातळ आहे काय, हे पाहावे. मातीत करडे, निळसर वा तांबूस ठिपके दिसल्यास तेथे वर्षातून बराच काळ पाणी साचते असे समजावे. अशी जागा भाताला चालेल, आंब्याला चालणार नाही. लव्हाळा व पाणकणीस ह्यादेखील पाणथळ जमिनीच्या खुणा आहेत. उंबर व जांभूळ जेथे आहे तेथे पाणी सापडते, असा लोकांचा जुना समज आहे. तो सूचना म्हणून घ्यावा, त्यावर विसंबून विहिरीचा खर्च करू नये.

माती परीक्षणाकरिता एका समान दिसणाऱ्या तुकड्यातून आठ-दहा ठिकाणची माती घ्यावी. प्रत्येक ठिकाणी इंग्रजी ‘व्ही’ अक्षराच्या आकाराचा सुमारे २० ते २५ सें.मी. खोल खड्डा करून त्याच्या कडेची माती खरवडावी. सर्व माती एकत्र करून तिचे चार भाग करावेत व समोरासमोरचे दोन टाकावेत. अर्धा किलो उरेपर्यंत असे करून ती माती सावलीत वाळवावी. बांधाजवळची, झाडाखालची, खताच्या ढिगाजवळची अथवा राब भाजलेल्या जागेची माती घेऊ नये. फळझाडे लावावयाची असल्यास खालच्या थरांचे नमुने निराळे घ्यावेत.

कोणते पीक व कोणती जात घ्यावी याबद्दल कर्जत येथील प्रादेशिक कृषी संशोधन केंद्राचा सल्ला घेता येतो. हे केंद्र १९१९ सालापासून भातावर काम करीत आहे आणि आज ते दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाच्या अखत्यारीत आहे. स्थानिक फळझाडांकडेही दुर्लक्ष करू नये. बदलापूरच्या जांभळास भौगोलिक मानांकन लाभले आहे. जे झाड या मुलखात आपण होऊन वाढते, ते नवख्या मनुष्याच्या हाती सहसा दगा देत नाही.

पाण्याचा हिशेब

‘विहिरीला बारमाही पाणी आहे’ हे वाक्य प्रत्येक व्यवहारात ऐकावयास मिळते. ते खरे की खोटे, हे वैशाखात मोजून ठरवावे. सायंकाळी पंपाने पाणी उपसून पातळीची खूण करावी व बारा तासांनी ती किती चढली हे पाहावे.

उदाहरणार्थ, विहिरीचा व्यास ५ मीटर आहे व रात्रीतून पाणी १ मीटर चढले, तर सुमारे १९,६०० लिटर पाणी आले. अवर्षणाचे साल व शेजाऱ्यांच्या नव्या विहिरी जमेस धरून त्याचे निम्मे, म्हणजे ९,८०० लिटर, हे रोजचे हक्काचे पाणी समजावे. सहा माणसांच्या घराला रोज ५०० लिटर व चार गुरांना ३०० लिटर लागतात असे धरले, तर ९,००० लिटर उरतात. उन्हाळी भाजीपाल्यास दर गुंठ्यास रोज किमान ५०० लिटर पाणी लागते. दहा गुंठ्यांना ५,००० लिटर पुरतात व कलमांसाठीही काही शिल्लक राहते. हा व्यवहार जमतो.

परंतु त्याच विहिरीत रात्रीतून पाणी केवळ एक वीत, म्हणजे २३ सें.मी., चढले तर ते सुमारे ४,५०० लिटर होते. त्याचे निम्मे २,२५० लिटर. घर व गुरे यांचे ८०० लिटर वजा जाता तीन गुंठे भाजीदेखील भिजत नाही. विकणारा दोन्ही विहिरींना ‘बारमाही’च म्हणेल, आणि तो शब्द खोटाही नसेल. म्हणून शब्दाऐवजी माप घ्यावे.

नवी विहीर खोदण्याच्या भरवशावर जमीन घ्यावयाची असल्यास भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेचा सल्ला आधी घ्यावा. पिण्याच्या पाण्याच्या सार्वजनिक उद्भवाजवळ विहीर घेण्यास कायद्याचे निर्बंध आहेत, हेही ध्यानात ठेवावे.

पाण्याचे प्रमाण पाहिल्यावर त्याची प्रत पाहावी. वालधुनी नदीची कारखान्यांच्या सांडपाण्याने काय अवस्था झाली, हे आपल्या भागातील लहान मूलही जाणते. नव्या गावी ओढ्याच्या वरच्या अंगास चालत जाऊन कारखाना, कोंबड्यांची मोठी शेड, दगडाची खाण अथवा कचऱ्याची जागा आहे काय, हे स्वतः पाहावे. पिण्याच्या पाण्याची तपासणी प्रयोगशाळेतून करून घ्यावी.

पुराची खूण

नदीकाठची मळईची जमीन मोहात पाडते. परंतु २६ जुलै २००५ रोजी उल्हास नदीने काय केले हे येथील लोक विसरलेले नाहीत. २७ जुलै २०१९ रोजी त्याच नदीच्या पुराने बदलापूर व वांगणी यांच्या दरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस अडवून धरली आणि हजारांहून अधिक प्रवाशांना बाहेर काढावे लागले. चौदा वर्षांत दोन वेळा असे घडले. त्यामुळे ‘असा पूर पुन्हा येत नाही’ या बोलण्यास अर्थ नाही.

म्हणून नदी-ओढ्याजवळच्या प्रत्येक जमिनीबाबत गावातील दोन-तीन वयस्क माणसांना वेगवेगळे गाठून या दोन सालांचे पाणी कोठवर आले होते हे विचारावे, आणि त्यांनी दाखविलेल्या खुणा पडताळाव्यात. झाडांच्या फांद्यांत अडकलेला काडीकचरा व भिंतीवरील गाळाची रेषा सहसा खरे सांगते. जेथे पाटबंधारे विभागाने पूररेषा आखल्या आहेत तेथे निळी व लाल रेषा पाहून घ्यावी. घराची जागा त्यांच्या वर, थोड्या उंचवट्यावर, परंतु कड्याखाली दरड येईल अशी नसावी.

कागदपत्रे

जमीन पायांनी पाहावी तशी ती दप्तरातही पाहावी. तलाठ्याचे (२०२४ पासूनचे पदनाम ग्राम महसूल अधिकारी) दप्तर हे त्याचे पहिले ठिकाण होय. सातबारा, आठ-अ व गेल्या तीस वर्षांचे फेरफार काढावेत आणि पुढील बाबी विशेषतः तपासाव्यात.

(१) महाराष्ट्र कुळवहिवाट व शेतजमीन अधिनियम, १९४८ याच्या कलम ६३ प्रमाणे शेतजमीन घेणारा सामान्यतः शेतकरी असावा लागतो. बिगरशेतकऱ्यास परवानगीची गरज असते. म्हणून चिखलोलीची सर्व जमीन विकण्यापूर्वीच आपला शेतकरी असल्याचा पुरावा जपावा, आणि नवी जमीन नावावर होईपर्यंत शेवटचे गुंठे हातचे जाऊ देऊ नयेत.

(२) जमीन भोगवटादार वर्ग १ ची आहे की वर्ग २ ची? वर्ग २ ची असल्यास, अथवा ती कुळकायद्याने मिळालेली असल्यास, विक्रीपूर्वी परवानगी वा नजराणा यांचे काय, हे तहसील कार्यालयात विचारावे.

(३) शहापूर व मुरबाडकडे आदिवासी खातेदारांच्या जमिनी पुष्कळ आहेत. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ याच्या कलम ३६ व ३६-अ अन्वये अशी जमीन बिगर-आदिवासीस देण्यास शासनाच्या मान्यतेने जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. कुलमुखत्यारपत्र, साठेखत अथवा शंभर वर्षांचा करार करून हा अडसर ओलांडता येतो असे सांगणाऱ्यापासून दूर राहावे. त्यात घेणाऱ्याचा पैसा बुडतो आणि देणाऱ्याची भाकरी जाते.

(४) ‘इतर अधिकार’ या रकान्यात बँक वा सोसायटीचा बोजा, वारसांचे हक्क, संपादनाची नोंद, तसेच १९७५ च्या खाजगी वने संपादन अधिनियमाची नोंद आहे काय, हे पाहावे. ही शेवटची नोंद या जिल्ह्यात अनेकांना फार उशिरा कळते. माथेरानच्या भोवतालचा प्रदेश २००३ साली परिसर-संवेदनशील म्हणून जाहीर झाला आहे. त्या बाजूस जमीन घेणाऱ्याने बांधकामाचे नियम आधी समजून घ्यावेत.

(५) भूमी अभिलेख कार्यालयाकडून मोजणी करून हद्दी खुणावून घ्याव्यात. बांध दाखविला म्हणजे हद्द दाखविली असे होत नाही.

(६) शेतापर्यंतचा रस्ता नकाशात आहे, की कोणाच्या मेहेरबानीवर आहे? नसल्यास संहितेच्या कलम १४३ प्रमाणे तहसीलदारांकडे बांधावरून वाट मागता येते. परंतु गावात पाऊल टाकतानाच शेजाऱ्याशी तंटा करणे श्रेयस्कर नव्हे. वाट नसलेली जमीन स्वस्त मिळते, ती त्याच कारणाने.

माणसे, मजूर व बाजार

कुटुंब राहावयास जाणार असल्याने पाहणीस पुरुषांनी एकट्याने जाऊ नये. घरातील स्त्रियांनी प्रत्यक्ष जाऊन पाणवठा, स्वयंपाकाचे इंधन, शाळेची वाट व रात्रीचा प्रकाश पाहावा. पाण्याची खरी हकीकत विहिरीवरील बायकांकडून कळते, चाऱ्याची गुराख्याकडून आणि रानडुकरांच्या उपद्रवाची रात्री राखणीस जाणाऱ्याकडून. दलालाकडून ह्यांपैकी एकही गोष्ट कळत नाही.

मजुरांचा अंदाज नीट घ्यावा. आवणीच्या दिवसांत प्रत्येकाचीच लावणी चालू असते, आणि दिवाळीनंतर पुष्कळ कातकरी व ठाकूर कुटुंबे वीटभट्ट्यांवर निघून जातात. म्हणून घरच्या हातांनी पेलेल एवढ्याच शेतीचा बेत करावा. पौष पौर्णिमेस मुरबाड तालुक्यात भरणाऱ्या म्हशाच्या यात्रेस अवश्य जावे. तेथे गुरांचा बाजार पाहावयास मिळतो आणि त्या मुलखाची माणसे व त्यांच्या गरजा एका दिवसात समजतात.

दवाखान्याचे अंतर मैलांत न मोजता पावसाळ्यातील रात्री लागणाऱ्या वेळात मोजावे. सर्पदंशावरील प्रतिविष लस जवळच्या कोणत्या रुग्णालयात असते, हे आधीच विचारून ठेवावे.

गावाच्या जुन्या वहिवाटी जाणून घ्याव्यात. पीक निघाल्यावर कोणाची गुरे कोठून जातात, देवाची पालखी कोणत्या बांधावरून येते, ओढ्याचे पाणी कोणी आधी घ्यावे, ह्या गोष्टी सातबाऱ्यावर सापडतीलच असे नाही. येताच तारेचे कुंपण ठोकून पायवाट अडविणारा मनुष्य पुढे वणवा लागला तर कोणास हाक मारणार?

पैशाची विभागणी व एका पावसाळ्याची कसोटी

हाती आलेली सर्व रक्कम जमिनीत घालू नये. एक भाग जमिनीसाठी, दुसरा घर, विहीर, वीज व बांधबंदिस्ती यांसाठी आणि तिसरा निदान तीन वर्षांच्या घरखर्चासाठी, अशी विभागणी करावी. आंब्याच्या कलमापासून पाच-सहा वर्षांखेरीज म्हणण्याजोगे उत्पन्न येत नाही. तोवर भात, भाजीपाला, कोंबड्या वा दुभते जनावर यांवर संसार चालवावा लागतो.

शक्य असल्यास व्यवहारापूर्वी त्या गावात खोली भाड्याने घेऊन एक पावसाळा काढावा. कुळाचा हक्क लागण्याच्या भीतीने मालक जमीन कसावयास सहसा देत नाहीत. परंतु राहावयास जागा मिळते आणि शेजाऱ्याच्या आवणीस हात लावण्यास कोणी नको म्हणत नाही. त्या चार महिन्यांत जमीन कळते, आणि गावालाही आपण कळतो.

ग्रामसेवकांसाठी टिपण

सल्ल्यास आलेल्या कुटुंबास पुढील प्रश्न विचारून त्यांची उत्तरे लिहून घ्यावीत:

(१) जमीन कोणकोणत्या महिन्यांत पाहिली?
(२) भाताची, वरकस व पोटखराबा किती? खड्डे घेतले काय? माती तपासली काय?
(३) वैशाखात विहिरीस बारा तासांत किती पाणी आले?
(४) २००५ व २०१९ चे पाणी कोठवर होते?
(५) वर्ग, कुळ, आदिवासी खाते, वन व बोजा यांच्या नोंदी पाहिल्या काय? मोजणी झाली काय?
(६) वाट कोणाच्या हद्दीतून आहे?
(७) घरातील स्त्रियांनी गाव पाहिले काय?
(८) तीन वर्षांचा खर्च शिल्लक राहतो काय?

ज्या प्रश्नाचे उत्तर ‘विकणारा म्हणतो’ असे येईल त्यापुढे फुली करावी. जेवढ्या फुल्या, तेवढ्या फेऱ्या अद्याप बाकी आहेत असे समजावे. फुल्या संपेपर्यंत इसाराची रक्कम बँकेतच राहू द्यावी, असे त्या कुटुंबास स्पष्टपणे सांगणे हे आपले कर्तव्य आहे.